तोफ आणि तिला ओढणारे हात

अकोल्याच्या नरनाळ्यावरील नौगजी तोफेची लांबी आपण कौतुकाने पाहतो. नळी लांब, तर दारूचा जोर गोळ्याला अधिक वेळ रेटतो, पल्ला वाढतो. अमरावतीच्या गाविलगडावरही मोठ्या तोफा होत्या. तरी १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी तो घेतला. दक्षिणेचा चढ अवघड. तट फोडायचा तो उत्तरेकडून. म्हणून स्टीव्हन्सनच्या फौजेने ७ ते १२ डिसेंबर स्वतः वाट करीत, वेढ्याच्या अवजड तोफा सातपुड्यातून हातांनी ओढून नेल्या. तेराला मारा सुरू झाला, पंधराला गड पडला, सतराला भोसल्यांशी देवगावचा तह झाला. इतिहास वेलस्ली-स्टीव्हन्सनची नावे सांगतो. दोराला लागलेल्या हातांची नाही. गडावर तोफ पाहाल, तेव्हा ती वर कोणी चढवली, हेही विचारा.