लंडनला न गेलेले रीळ

मे महिन्यात यवतमाळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी हाताला चटका देते. आणि फिल्म धुण्याच्या पुस्तकात मात्र ठणकावून लिहिलेले असते : द्रावणाचे तापमान २० अंश सेल्सियस. ही पुस्तके थंड देशांत लिहिलेली. यवतमाळ, वणी, पुसद भागात घरी फिल्म धुवायची तर माठातले पाणी आणि बर्फाची लादी यांवाचून इलाज नसे.

फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो. कोमट पाण्यात तो फुगतो, मऊ पडतो आणि नुसते नख लागले तरी सोलून निघतो. गरम डेव्हलपरमधून काढून एकदम गार पाण्यात टाकला, तर त्यावर बारीक सुरकुत्यांचे जाळे उमटते. यावरचा उपाय वाण्याच्या दुकानातच होता. फिक्सरमध्ये तुरटी पडली की थर घट्ट होतो. कोडॅकचे ‘डी-७६’ हे प्रसिद्ध डेव्हलपर १९२७ सालचे, सिनेमाच्या फिल्मसाठी काढलेले. त्याच्या एका लिटरात मेटॉल २ ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम. तोंड आले की आजी मधातून लावायची, तोच टाकणखार.

घरी फिल्म धुणे आज हौसेचा मामला वाटतो. पण भारतातला पहिला चित्रपट कोणता, या जुन्या वादात एक मुद्दा फिल्म कुठे धुतली हाच आहे.

मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी ल्युमिएर बंधूंचे चित्रपट पाहिले आणि लंडनहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनवर कुस्तीचा सामना टिपला. फिल्म धुण्यासाठी मात्र बोटीने लंडनला पाठवावी लागली. पुढे दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला. त्याचा कॅमेरामन इंग्रज होता आणि निगेटिव्हही लंडनलाच धुतली गेली. तोरण्यांना पहिलेपणाचा मान नाकारणारे जी कारणे देतात, त्यांत हे हमखास येते. तोरण्यांवर हा थोडा अन्याय आहे. पण मुद्दा पोकळ नाही. धुतल्याशिवाय चित्रीकरण साधले की फसले ते कळत नाही, आणि कळायला बोटीची वाट पाहावी लागत असेल तर चूक सुधारायची कधी?

धुंडिराज गोविंद फाळके यांनी हा फेरा तोडला. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडायचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची व्यवस्था करून १ एप्रिलला परतले. दादरच्या राहत्या घरी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडे थोडे चित्रण केले. ‘अंकुराची वाढ’ ही ती छोटी फिल्म पाहून भांडवलाची सोय झाली.

कच्ची फिल्म बिनछिद्रांची येई. अंधारात हाताने छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके यांच्याकडे होते. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट सुमारे ३७०० फुटांचा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना मिळून आठ छिद्रे, म्हणजे एकट्या निगेटिव्हला पावणेपाच लाखांच्या घरात. छिद्र केसभर सरकले तरी पडद्यावर चित्र थरथरणार. दिवसा चित्रीकरण आटोपले की रात्री स्वयंपाकघराची डार्करूम होई आणि तिथे फिल्म धुतली जाई. रसायने कालवायलाही सरस्वतीबाईच, आणि चित्रपटाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांचाच. ३ मे १९१३ रोजी चित्रपट कोरोनेशनमध्ये लागला. श्रेय बराच काळ एकट्या दादासाहेब फाळक्यांचेच गायले गेले.

पुढे हीच विद्या लहान गावांपर्यंत पोचली. आग्फा क्लिक-३ कॅमेऱ्यात १२० चा रोल, बारा फोटो. फिल्म धुण्याची टाकी नसली तरी अडत नसे : फिल्मची दोन टोके दोन हातांत धरायची आणि डेव्हलपरच्या तसराळ्यातून ती झोपाळ्यासारखी वर-खाली फिरवायची. लाल दिव्यात चालणारी ऑर्थो फिल्म असली तर चित्र उमटताना दिसे. पॅन फिल्मला तीही सवलत नाही, मिट्ट काळोखच लागतो. लोडशेडिंगचे कौतुक कोणी करत असेल तर तो फिल्म चढवणाराच.

फिल्म चढवण्याची खरी परीक्षा टाकीतल्या रिळावर होते. छत्तीस फोटोंची फिल्म साधारण पाच फुटांची. तिचे टोक सरळ कापायचे, कोपरे किंचित गोल करायचे आणि प्लॅस्टिकच्या रिळाच्या खाचेत सरकवून दोन्ही चकत्या आळीपाळीने फिरवायच्या. रीळ कोरडे ठणठणीत हवे. पावसाळ्यात किंवा घामेजल्या हातांनी फिल्म मध्येच चिकटते, आणि तेव्हा जोर करणे हीच मोठी चूक. दुमडलेल्या जागी चंद्रकोरीसारखा डाग पडतो. दोन वेढे एकमेकांना चिकटले तर तिथे डेव्हलपर पोचतच नाही आणि तेवढे फोटो कायमचे जातात. स्टीलच्या रिळावर फिल्म आतून बाहेर जाते, अंगठा आणि बोटात तिला हलकी कमान देऊन. म्हणून नवशिक्याने आधी एक वाया गेलेला रोल उजेडात, मग डोळे मिटून चढवून पाहायचा असतो.

नीट धुतलेली फिल्मही टिकेलच असे नाही. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे अशी दोनच आज उरली आहेत, तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. जुनी नायट्रेट फिल्म पेट घेते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात लागलेल्या आगीत अशा जुन्या फिल्मांचा मोठा साठा जळाला.

घरोघरच्या बहुतेक निगेटिव्ह अशा पेट घेणाऱ्या नाहीत, पण उन्हाळ्यात माळ्यावरच्या बंद डब्यात त्यांचे काय होते ते डबा उघडल्यावर कळते. यवतमाळ, दिग्रस, उमरखेड, कुठेही घरात अशी पाकिटे असतील तर ती वास घेऊन पाहा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर त्या फिल्मा आधी बाकीच्यांपासून वेगळ्या करा आणि लवकर स्कॅन करून घ्या. उरलेल्या कागदी पाकिटांत घालून घरातल्या सर्वांत गार, कोरड्या खोलीत ठेवा, आणि पाकिटावर गाव आणि साल लिहा.