अडत्याच्या हातातला माल

बारामती तालुक्यातल्या सोमेश्वरनगर परिसरात गाळप हंगाम तोंडावर आला की जुन्या ट्रॅक्टरला आणि ट्रेलरला भाव येतो. ऊस वाहतुकीचा करार करायचा तर वाहन हवे, नव्याचा हप्ता पेलत नाही, म्हणून माणूस जुने शोधतो. हा शोध आता मोबाइलवर सुरू होतो. फोटो झकास असतो, किंमत बाजारभावाच्या बरीच खाली असते आणि बोलणारा सांगतो की गाडी दुसऱ्याची आहे, आपल्याकडे फक्त विकायला ठेवली आहे. कधी मालक बदली झालेला फौजी असतो आणि पुराव्याला ओळखपत्राचा फोटोही येतो. मग टोकन, वाहतूक खर्च, कागदपत्रांचा खर्च असे पैसे एकामागून एक जातात आणि एक दिवस तो नंबरच बंद होतो. अशा बातम्यांवर ‘लोकांनी सावध राहावे’ एवढाच उपदेश होतो. मला तो अपुरा वाटतो. दुसऱ्याचा माल तिसऱ्याने विकायचा आणि त्यात एकाला अंधारात ठेवायचे, हा प्रकार या तालुक्याला नवा नाही. त्यावर इथे जे उपाय झाले, त्यांचा भर माणसाच्या हुशारीवर नव्हता. व्यवहार उजेडात आणायचा आणि तो तटस्थ माणसाच्या दप्तरात उतरवायचा, यावर होता.

याचा सर्वांत मोठा पुरावा बारामती तालुक्यातल्याच सुप्याचा आहे. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात भोवतालच्या गावांतले शेतकरी जमले, सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे त्यांनी हिसकावून घेतले आणि जाळले. धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरांना आगही लागली. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव कोसळला होता, इंदापूरसारख्या तालुक्यांत 1867 च्या फेरआकारणीने सारा वाढला होता, आणि सावकाराने हात आखडला होता. पण संताप नेमका कागदावर का निघाला, हे पाहण्यासारखे आहे. 1859 च्या मुदत कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू कुळाला वाचवण्याचा होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहिला जाई आणि थकलेले व्याज मुद्दलात मिसळे. भरलेल्या पैशांची पावती मिळत नसे. रोख्यात काय लिहिले आहे ते अंगठा उठवणाऱ्याला कळत नसे, आणि दंग्यांच्या चौकशी आयोगापुढे रयतेने नेमके हेच गाऱ्हाणे मांडले. कागद होता, पण तो एकाच पक्षाच्या पेटीत होता. लोकांनी जाळला तो हा एकतर्फी कागद.

सरकारने त्यातून काढलेला धडा 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात दिसतो. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त ग्रामनिबंधकापुढे लिहिला जावा, भरलेल्या रकमेची पावती मिळावी, मागेल तेव्हा हिशोब दाखवावा, अशी त्याची कलमे होती. कुळाने साक्षर व्हावे आणि मग फसू नये, एवढी वाट पाहायला कायदा तयार नव्हता. दोघांच्या मध्ये तटस्थ माणूस आणि त्याचे दप्तर त्याने बसवले.

पुढे नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला, गुऱ्हाळे पेटली आणि गुळाबरोबर अडत आली. अडत म्हणजे विश्वासाने सोपवलेला माल दलालीवर विकणे, आणि ती दलालीही. शेतकरी ढेपा अडत्याच्या पेढीवर उतरवी, अडत्या गिऱ्हाईक पाहून विकी आणि अडत, हमाली, तोलाई कापून हातात हिशोबाची पट्टी ठेवी. मालक विक्रीला हजर असेलच असे नसे, म्हणून सारा भरवसा त्या पट्टीवर. जुन्या बाजारात भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरत, आणि काय ठरले ते त्या दोन हातांनाच ठाऊक असे. वजनात कडता आणि हिशोबात धर्मादाय निघे ते वेगळेच. शाही कृषी आयोगाने 1928 च्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली, मुंबई प्रांताने 1939 मध्ये कायदा केला आणि महाराष्ट्राने 1963 मध्ये. अडत्याला परवाना, खुला लिलाव, तपासलेला काटा, ठरवून दिलेल्याच कपाती. अडत्या राहिला, फक्त त्याच्या हातावरचा रुमाल निघाला.

वाहनांच्या बाजाराला हे सारे अगदी अलीकडे लागू झाले. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात हस्तांतर कळवण्याची मुदत विकणाऱ्याला 14 दिवस आणि घेणाऱ्याला 30 दिवस आहे. पण व्यवहारात मालक फॉर्म 29 आणि 30 वर, म्हणजे आपल्या भाषेत टीटी फॉर्मवर, कोऱ्या सह्या करून गाडी यार्डात लावत आला. घेणाऱ्याचे नाव कोरे, तारीख कोरी. तो फॉर्म दोन-तीन हातांतून फिरतो, आणि आरसी बुकावर नाव मात्र पहिल्याच मालकाचे. अपघात झाला तर दप्तरी ज्याचे नाव तोच जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी जुन्या वाहनांच्या विक्रेत्याला अधिकृतता घेणे भाग पाडले. गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म 29सी भरून परिवहन कार्यालयाला कळवायचे, आणि तिथून गाडीची जबाबदारी विक्रेत्याची. ग्रामनिबंधक आणि परवानाधारक अडत्या यांच्या मागचाच हा विचार आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे: कायदा आला की पळवाटही येते. 1879 नंतर सावकारांनी गहाणाऐवजी खरेदीखते लिहून घ्यायला सुरुवात केली; वरून विक्री, आतून कर्ज. पण त्यावरून दप्तर निरुपयोगी ठरत नाही. लबाडी दप्तराची नजर जिथे नाही तिथे सरकते, म्हणून नजर तिच्यामागे न्यावी लागते, एवढेच त्यातून सिद्ध होते. दुसरा आक्षेप असा की तेव्हाचा शेतकरी निरक्षर होता, आजचा गिऱ्हाईक शिकलेला आहे, त्याने आपले पाहून घ्यावे. पण सुप्याच्या कुळाची अडचण केवळ अक्षरांची नव्हती; खरे काय ते तपासायला तिसरी जागा नव्हती, ही ती अडचण होती. मोबाइलवरच्या फोटोपुढे पदवीधरही तसाच एकटा असतो. तिसरा आक्षेप सोयीचा आहे. मध्यस्थ नको म्हटले तर बारामतीच्या माणसाने नाशिकचा ट्रॅक्टर घ्यायचाच नाही का? जरूर घ्यावा. अडतीचा बाजार परवाना आणि पट्टी आल्याने बुडाला नाही, उलट टिकला.

फरक एवढाच की आज ती तिसरी जागा आपणहून समोर येत नाही, गिऱ्हाइकाला तिच्यापर्यंत जावे लागते. वाहन क्रमांक परिवहन खात्याच्या पोर्टलवर टाकला की नोंदणी आणि कर्जाचा बोजा दिसतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हाती आल्याशिवाय पुढे जाऊ नये. गाडी उभी असेल तिथे जावे, चेसिसवर कागद धरून पेन्सिल घासावी आणि उमटलेला नंबर आरसीशी अक्षर-अक्षर ताडावा. विकणारा अधिकृत विक्रेता म्हणवत असेल तर अधिकृततेचे प्रमाणपत्र मागावे. एरवी मुख्य रक्कम आरसीवर नाव असलेल्याच्या खात्यात जावी, आणि टीटी फॉर्मवर दोघांची नावे व तारीख त्याच बैठकीत भरावी. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही; तो मागितला की व्यवहार तिथेच थांबवावा. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता त्याच घटकेला सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवावे. ही यादी कोणालाही पाठ करता येईल, पण तिचा भार एकट्या गिऱ्हाइकावर टाकून भागणार नाही. बाजार समितीने गुळाच्या ढेपेसाठी जे केले ते जाहिरातीच्या मंचांनी गाडीसाठी करावे. वाहन क्रमांक आणि विक्रेत्याची अधिकृतता पडताळल्याशिवाय जाहिरात लागूच नये. सुप्याच्या बाजारात कागद जळाले तेव्हा राज्यकर्त्यांना कायदा करायला चार वर्षे लागली. आज नियम आहे, पोर्टल आहे, दप्तर आहे. ते जाहिरातीला जोडण्याइतकेच काम उरले आहे, आणि ते मागण्याचा हक्क हंगामासाठी जुना ट्रॅक्टर घेणाऱ्या प्रत्येकाला आहे.