यात्रेचा आखाडा आणि दुय्यम श्रेणीचा मल्ल
(लातूर व नांदेड परिसरातील कुस्तीच्या अर्थव्यवहाराचा एक विचार)

महाराष्ट्रातील कुस्तीचा इतिहास आजवर बहुधा विजेत्यांच्या नामावळीवरून लिहिला गेला आहे. किताब कोणी जिंकला, कोणत्या वर्षी व कोणत्या गावी जिंकला, एवढी नोंद झाली की इतिहासाचे काम संपले, अशी समजूत रूढ झालेली दिसते. परंतु कोणताही व्यवसाय केवळ त्याच्या शिखरावरील माणसांवर उभा राहत नाही. ज्यांची कुस्ती मैदानात तिसऱ्या वा चौथ्या क्रमांकाची लागते, ज्यांचे नाव हस्तपत्रकाच्या तळाशी छापले जाते आणि ज्यांच्याशिवाय मैदान भरूच शकत नाही, अशा मल्लांचा उदरनिर्वाह कसा चालतो, हा प्रश्न सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होय. लातूर व नांदेड या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

(१) आश्रयाचे स्वरूप

पश्चिम महाराष्ट्रातील कुस्तीला राजाश्रयाची परंपरा लाभली. शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) कोल्हापुरात तालमींना दरबारचे साह्य मिळाले आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. मराठवाड्याची स्थिती निराळी होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. लातूर हे तर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुक्याचे ठिकाण होते. कोल्हापूरच्या तोडीचा दरबारी आश्रय या तालुक्यांच्या वाट्यास आला नाही. येथील मल्लाचा खरा आश्रयदाता म्हणजे गाव, आणि गावाच्या औदार्याचा प्रसंग म्हणजे ग्रामदैवताची यात्रा.

१९४९ साली हैदराबाद राज्यातील जहागिरी नष्ट झाल्या व १९५० च्या कूळ कायद्याने जमिनीच्या संबंधांत पालट घडविला. गावच्या मातब्बर घराण्याचा शब्द जेथे पुरेसा होता, तेथे हळूहळू यात्रा समिती आणि लोकवर्गणी यांचे महत्त्व वाढले. आश्रय नाहीसा झाला नाही. तो विभागला गेला. मात्र विभागलेल्या आश्रयाचा एक परिणाम असा की, मल्लास वर्षभर पोसणारा कोणी उरला नाही. त्यास एका दिवसाच्या लढतीचे मोल देणारे अनेक झाले.

(२) मैदानाचा अर्थव्यवहार

नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास भरते. घोड्यांच्या व गुराढोरांच्या बाजाराबरोबरच कुस्त्यांची दंगल हे तिचे एक ठळक अंग आहे. लातूर येथे महाशिवरात्रीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते. तेथेही आखाडा असतो. अशा यात्रांची मालिका उन्हाळ्याबरोबर संपते व पावसाळ्यात मैदाने बंद पडतात. म्हणजे मल्लाची मिळकत हंगामी आहे. त्याचा खर्च मात्र हंगामी नाही. दूध, तूप, बदाम, फळे व मांसाहार यांचा खुराक बारमाही चालू ठेवावा लागतो. खुराक तुटला की ताकद तुटते, आणि ताकद तुटली की पुढच्या हंगामातील जोड खालच्या क्रमांकाची लागते. शेतकऱ्याचे बी-बियाणे आणि मल्लाचा खुराक यांत हे साम्य आहे की दोहोंचा खर्च आधी व मोबदला मागाहून, आणि तोही अनिश्चित.

मैदानाची रचना उतरंडीची असते. आरंभी लहान मुलांच्या रेवड्यांवरील व नारळावरील कुस्त्या होतात. क्रमाने इनामाची रक्कम वाढत जाते आणि सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी लागते. वरच्या जोडी आगाऊ ठरलेल्या असतात. खालच्या जोडी पुष्कळदा मैदानातच वय, वजन व अंगलट पाहून लावल्या जातात. त्यामुळे दुय्यम मल्लास गावी जाण्यापूर्वी आपणांस जोड मिळेल की नाही, याची शाश्वती नसते. प्रवासाचा खर्च मात्र ठरलेला असतो. शिवाय इनामाचे मूळ वर्गणीत आणि वर्गणीचे मूळ शेतीच्या उत्पन्नात आहे. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात दुष्काळाचा घाव प्रथम पिकावर व नंतर आखाड्यावर पडतो, हे वेगळे सांगावयास नको.

(३) किताब आणि त्याखालील पायऱ्या

मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ साली कुस्तीगीर परिषद स्थापन झाली व १९६१ साली औरंगाबाद येथे ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची पहिली लढत झाली. १९६९ साली ही स्पर्धा लातूर येथे भरली आणि लातूर परिसरातीलच हरिश्चंद्र बिराजदार यांनी किताब पटकाविला. पुढे त्यांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मल्ल घडविले. लातूर जिल्ह्यातीलच त्यांचे शिष्य काका पवार यांनीही आपले कुस्ती संकुल पुण्याजवळ कात्रज परिसरात उभारले. ज्यांना यश लाभले त्यांची कर्मभूमी पुणे ठरली, ही गोष्ट सूचक आहे. उलट, जानेवारी २०२३ मध्ये नांदेडचे प्रतिनिधित्व करून ‘महाराष्ट्र केसरी’ झालेले शिवराज राक्षे हे मूळचे पुणे जिल्ह्यातील व कात्रजच्या तालमीतील होत. एका जिल्ह्याने मल्ल पाठविले, दुसऱ्याने नाव दिले. तालीम मात्र दोन्ही वेळी पुण्याचीच.

७ जानेवारी २०२० रोजी बालेवाडी येथे नाशिकचे हर्षवर्धन सदगीर यांनी लातूरचे शैलेश शेळके यांच्यावर ३–२ अशा गुणांनी विजय मिळविला. दोघेही एकाच वस्तादाचे पठ्ठे. अंतर एका गुणाचे. पण किताब एकालाच मिळतो, आणि किताबाबरोबर येणारे मानधन, सत्कार व पुढील मैदानांतील पहिल्या क्रमांकाची जोडही त्याच्याच वाट्यास येते. अंतिम फेरीतील उपविजेत्याची ही कथा, तर जो जिल्हा निवड चाचणीतच परततो त्याची काय असेल, याचा तर्क करणे अवघड नाही.

(४) माती व गादी यांतील पेच

या प्रश्नाचा गाभा दोन निरनिराळ्या अर्थव्यवस्थांच्या विसंगतीत आहे. यात्रेची कुस्ती मातीवर होते. तिच्यात रोख इनाम मिळते, पण तिच्या विजयाचे प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जास जोडता येत नाही. अधिकृत आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवर, वजनगटांनुसार व गुणपद्धतीने होते. तिच्यातील पदकाने पोलीस, सैन्य वा रेल्वे यांतील नोकरीची आणि २००५ पासून राज्यसेवेतील खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाची वाट खुली होते, पण खालच्या स्तरावर तिच्यातून रोख मिळकत जवळजवळ नाही. मातीवर निकाल लागेपर्यंत झुंजण्याचा दम आणि गादीवर मोजक्या मिनिटांत गुण घेण्याची चपळाई, यांची तयारीही एक नव्हे. म्हणून दुय्यम मल्ल आजच्या खुराकासाठी मातीवर लढतो आणि उद्याच्या पोटासाठी गादीवर; आणि बहुधा दोन्हीकडे अर्ध्या तयारीने.

ही अडचण केवळ ग्रामीण कुस्तीची नव्हे. १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या इंग्रजी छावणीत जन्मलेल्या स्नूकर या खेळाच्या जागतिक व्यावसायिक मालिकेत सुमारे १२८ खेळाडू असतात. तेथेही तळच्या खेळाडूंचा प्रवासखर्च व बक्षिसाची रक्कम यांचा मेळ बसत नसे. अखेर २०२२–२३ च्या हंगामापासून प्रत्येकास वर्षाकाठी किमान २०,००० पौंडांच्या मिळकतीची हमी देण्यात आली. तेथे निदान एक नियामक संस्था, एक सूची व एक हिशेब आहे. यात्रांच्या आखाड्यांना असा एकच धनी नाही. त्यामुळे हमी कोणी द्यावी, हा प्रश्नच तेथे उपस्थित होत नाही.

(५) समारोप

मार्च २०२० नंतर महामारीमुळे यात्रा बंद झाल्या, तेव्हा या व्यवस्थेचा ठिसूळपणा उघड झाला. मैदाने थांबली, मिळकत थांबली. तालमीत घडविलेले शरीर मात्र खुराक मागतच राहिले. जानेवारी २०२३ मध्ये राज्य शासनाने मल्लांच्या मानधनात वाढ जाहीर केली, ती स्वागतार्ह होय. परंतु मानधनाचा निकष किताब अथवा मान्यताप्राप्त यश हाच असल्याने उतरंडीच्या तळाशी असलेला मल्ल तिच्या कक्षेबाहेरच राहतो. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी खाशाबा जाधव यांना प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे करून दिले, याचा गौरवाने उल्लेख होतो. तो योग्यच आहे. परंतु एका व्यक्तीच्या औदार्यावर ऑलिंपिक पदक अवलंबून राहावे, हा व्यवस्थेचा दोषही त्याच प्रसंगातून दिसतो.

लातूर–नांदेडच्या आखाड्यांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास विजेत्यांच्या नामावळीइतकेच यात्रा समित्यांच्या जमाखर्चाच्या वह्या, मैदानांची हस्तपत्रके व तालमींच्या खुराकाचे हिशेब यांना साधन म्हणून मोल दिले पाहिजे. ही कागदपत्रे कोणी जपून ठेवीत नाही. ती गोळा करण्याचे काम विद्यापीठाच्या अभ्यासकांनी अंगावर घेतले, तर मैदान कोण जिंकले याबरोबरच ते कोणाच्या श्रमावर भरले, हेही सांगता येईल.