धवलेचे प्रकाशन : संस्थेच्या कार्यक्षमतेची एक कसोटी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत दात्यांची नामावली, वास्तूंची छायाचित्रे व जमाखर्चाचे आकडे असतात, आणि ते असावेतही. परंतु हाती घेतलेले कार्य तडीस नेण्याची संस्थेची कुवत कितपत परिपक्व झाली, हे त्यांवरून कळत नाही. ते कशावरून ओळखावे, याचे उदाहरण आपल्या वऱ्हाडातच आहे. अमरावतीच्या जैन साहित्योद्धारक फंडाने ‘षट्खंडागम’ हा सिद्धान्तग्रंथ वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेसह सोळा खंडांत प्रसिद्ध केला. पहिला खंड १९३९ चा, शेवटचा १९५९ चा.

भेलसा (आजचे विदिशा) येथील श्रीमंत शेठ शिताबराय लक्ष्मीचंद्र यांच्या दानाने फंड उभा राहिला. संपादनाची धुरा अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्रा. हीरालाल जैन यांनी वाहिली. धन व विद्वत्ता जुळून आली, तरी खरी अडचण निराळीच होती. मूळ ताडपत्रे मूडबिद्रीत, आणि हाती केवळ नकलांच्या नकला! म्हणून अमरावती, आरा आणि कारंजा येथील प्रती ताडून पाठ ठरविण्यात आला. कारंज्याची प्रत १९१८ मध्ये स्थापन झालेल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमाची. कारंजा तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, हे येथे अभिमानाने नोंदविले पाहिजे.

पहिल्याच खंडातील ९३ व्या सूत्रात ‘संजद’ हे पद नकलांत नव्हते. ते असावयास हवे, असे संपादकांनी टीपेत नमूद केले. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांत ते आढळले. त्यावरून समाजात वादंग माजले ते माजलेच. तथापि शंका उघडपणे नोंदवून मूळाशी पडताळण्याची ही शिस्त मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्या किती संस्थांच्या इतिवृत्तांत अशी शंका लिहिलेली सापडेल?

कामाची वाटणीही डोळस होती. पं. फूलचंद्र, पं. हीरालाल व पं. बालचंद्र शास्त्री यांनी संपादनास हात दिला, कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे साह्य लाभले. १९४२ च्या चौथ्या खंडात धवलेतील गणितावर लखनौचे गणितज्ञ डॉ. अवधेश नारायण सिंह यांचा निबंध आहे.

प्रमुख संपादक पुढे नागपुरास, आणि १९५५ मध्ये बिहारमधील प्राकृत संशोधन संस्थेचे संचालक म्हणून गेले. खंड निघतच राहिले. सुधारित आवृत्ती १९७३ पासून सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने काढली.