संगणकीय खेळांसाठी माऊसची निवड : एक ऐतिहासिक विवेचन (विशेष संदर्भ : जालना जिल्हा)

प्रस्तावना :

नांगर, मोट, चरखा, छपाईयंत्र या साधनांच्या इतिहासाकडे मराठी अभ्यासकांनी कमीअधिक प्रमाणात लक्ष दिलेले आहे. संगणकाच्या माऊसच्या वाट्याला ते भाग्य आलेले नाही. प्रस्तुत निबंधात संगणकीय खेळासाठी माऊस निवडण्याचे निकष कसकसे बदलत गेले आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात अशी निवड करण्याची संधी कोणाला, केव्हा मिळाली याचा विचार केला आहे. विषय वरकरणी थिल्लर वाटण्याचा संभव आहे. तथापि महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेसाठी दरपत्रके मागवून माऊस खरेदी करणारे आपणच असतो. एखादे साधन कोणत्या हातासाठी घेतले जात आहे हा प्रश्न आपण त्या वेळी क्वचितच विचारतो. खेळणाऱ्याने मात्र तो फार पूर्वीच विचारला होता.

पहिली निवड :

अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास पहिला माऊस तयार केला. लाकडी ठोकळा, त्याखाली परस्परांशी काटकोनात बसविलेली धातूची दोन चाके आणि वर एक बटण, एवढेच त्याचे स्वरूप होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले व १९७० मध्ये त्याचे एकस्व मिळाले. हा तपशील पाठ्यपुस्तकांतही आढळतो. त्याआधी झालेल्या तुलनात्मक चाचण्यांची माहिती मात्र आपल्याकडे फारशी दिली जात नाही.

पडद्यावरील नेमकी जागा दाखविण्यासाठी कोणते साधन योग्य, हे ठरविण्याकरिता या गटाने प्रकाशलेखणी, जॉयस्टिक, गुडघ्याने चालविण्याचे साधन आणि माऊस यांची प्रत्यक्ष चाचणी घेतली. तिचा अहवाल १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरावलेल्या व्यक्तींच्या हाती माऊस सरस ठरला. नवख्यांना मात्र अन्य साधने सोपी वाटली. संशोधकांनी काढलेला निष्कर्ष याहून महत्त्वाचा आहे. साधनांच्या मूळ वेगातील वा अचूकतेतील फरकावर निवड अवलंबून नसते. त्याच हाताला आणखी कोणती कामे करावी लागतात, हात साधनापर्यंत किती सहज पोहोचतो आणि त्या बैठकीत तो किती थकतो, या गोष्टी अधिक निर्णायक असतात, असे त्यांचे म्हणणे होते. माऊसच्या वेष्टनावरील आकडे वाचून खरेदी करणाऱ्या आजच्या ग्राहकाला हे सांगावे लागते, यातच पुढील इतिहासाची दिशा दिसते.

जालन्यातील प्रवेश :

झेरॉक्स कंपनीने माऊससह विक्रीस आणलेला ‘स्टार’ हा संगणक एप्रिल १९८१ मध्ये जाहीर झाला आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. हा निव्वळ योगायोग होय. जिल्ह्याच्या सामान्य घरांपर्यंत माऊस पोहोचण्यास त्यानंतर दोन दशके लागली आणि तो प्रामुख्याने प्रशिक्षण वर्गाच्या वाटेने आला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे आणि शासकीय नोकरीसाठी त्याला आलेल्या महत्त्वामुळे गावोगावच्या तरुणांचा हात पहिल्यांदा माऊसवर पडला. निवडीचा प्रश्नच नव्हता. वर्गचालकाने घेतलेला, समोर असेल तोच माऊस.

तो बहुधा गोळ्याचा माऊस असे. पोटातील रबरी आवरणाचा गोळा टेबलावर फिरे, त्याच्या घर्षणाने आतील दोन रूळ फिरत आणि त्यांच्या गतीवरून पडद्यावरील दर्शक सरके. कोरड्या हवेच्या, धुळीच्या प्रदेशात ही रचना त्रासदायक होती. धूळ आणि तळहाताचा मळ रुळांवर चढला की दर्शक अडखळत पुढे जाई. मग माऊस उलटा करून तळाची चकती फिरवायची, गोळा बाहेर काढायचा आणि रुळांवरचा मळ टाचणीने खरवडायचा, हा विधी प्रस्तुत लेखकासह त्या पिढीतील बहुतेकांना पाठ होता. गोळा खिशात घालून पळविणारे विद्यार्थीही असत. त्या काळच्या प्रयोगशाळा सहायकांना हे निराळे सांगावयास नको. त्यातच भारनियमन. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या चार-दोन यंत्रांपाशी गर्दी होई.

या वर्गांमध्ये ‘संगणकावर गेम खेळू नये’ अशी सूचना भिंतीवर लावलेली असे. वस्तुतः सरावाचे सर्वोत्तम साधन खेळ हेच होते. १९९० च्या विंडोज ३.० सोबत आलेला सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ बटण दाबून वस्तू ओढणे व सोडणे शिकवी. १९९२ च्या आवृत्तीतील माइनस्वीपर या खेळाने डाव्या आणि उजव्या बटणातील भेद बोटांत मुरविला. शिक्षक पाठ फिरवीत तेव्हा जो सराव होई तोच अनेकांच्या कामी आला, असे म्हणण्यास हरकत नाही.

खेळणाऱ्याची निवड :

खेळासाठी वेगळा माऊस हवा ही जाणीव १९९० च्या दशकातील नेमबाजीच्या खेळांतून निर्माण झाली. ‘डूम’ (१९९३) हा खेळ पुष्कळ जण केवळ कळफलकावर खेळत. ‘क्वेक’ (१९९६) मध्ये वर-खाली, चहूबाजूंना पाहणे आवश्यक झाले आणि डावा हात कळफलकावर, उजवा माऊसवर ही बैठक रूढ झाली. १९९७ मध्ये डेनिस फाँग या खेळाडूने ‘क्वेक’च्या स्पर्धेत फेरारी मोटार जिंकली, तीही याच बैठकीत. १९९९ मध्ये रेझर कंपनीचा ‘बूमस्लँग’ हा खास खेळाडूंसाठी बनविलेला माऊस बाजारात आला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने गोळ्याऐवजी प्रकाशाने टेबलाची प्रतिमा टिपणारा माऊस आणला आणि टाचणीचा विधी कालबाह्य होण्यास प्रारंभ झाला.

जालन्याच्या सायबर कॅफेत ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळणाऱ्या मुलांना यांतील काहीही विकत घेणे शक्य नव्हते. तरीही त्यांनी निवड केली. ती माऊसची नसून यंत्राची होती. कोणत्या कोपऱ्यातील माऊसचे बटण एका दाबात दोनदा वाजते, कोणता गुळगुळीत सनमायकावर उडी मारतो, कोणाची तार आखूड आहे, हे त्यांना ठाऊक असे. ठराविक यंत्र रिकामे होईपर्यंत ती बाकावर थांबत. एंगलबार्ट यांच्या गटाने प्रयोगशाळेत ताडून पाहिलेली गोष्टच ही मुले तासाच्या भाड्यात ताडून पाहत होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तिला दस्तऐवजाचा आधार नाही. बाकावरील आठवण एवढाच तिचा पुरावा.

आकड्यांचा काळ :

त्यानंतरच्या काळात निवडीचे निकष आकड्यांच्या हाती गेले. ‘डीपीआय’ म्हणजे माऊस एक इंच सरकला असता तो संगणकाला किती पावलांची नोंद पाठवितो ती संख्या. विंडोजमधील दर्शकाची गती मधल्या खुणेवर ठेवली आणि पडदा १९२० बिंदू रुंद असला, तर ८०० डीपीआयच्या माऊसला पडदा ओलांडण्यास सुमारे २.४ इंच लागतात. ४०० डीपीआय असता ४.८ इंच. आता बाजारात २५,६०० डीपीआयचे माऊस मिळतात. तेवढ्या संवेदनशीलतेवर दोन मिलिमीटरपेक्षा कमी हालचालीत दर्शक पडद्याच्या पलीकडे जाईल. मानवी मनगटाला एवढे नियंत्रण साधत नाही. म्हणूनच ‘काउंटर-स्ट्राइक’चे बहुसंख्य व्यावसायिक खेळाडू आजही ४०० ते ८०० डीपीआयवर खेळतात.

नोंदी पाठविण्याच्या वेगाचेही तसेच. साध्या यूएसबी माऊसचा वेग सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांना एक नोंद असा असतो. खेळाच्या माऊसचा १००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला एक. हा फरक सरावलेल्या हाताला जाणवू शकतो. त्यापुढे ८००० पर्यंत गेलेले आकडे सेकंदाला ६० चित्रे दाखविणाऱ्या पडद्यासमोर निरुपयोगीच होत, कारण तेथे एक चित्रच सुमारे १७ मिलिसेकंद टिकते.

वजनाचा इतिहास तर मनोरंजक आहे. २००५ मध्ये लॉजिटेक कंपनीच्या ‘जी ५’ माऊससोबत वजन वाढविण्यासाठी लहान वजने दिली जात. जड म्हणजे स्थिर, अशी समजूत होती. २०२० मध्ये त्याच कंपनीने ६३ ग्रॅमपेक्षा कमी वजनाचा माऊस हेच वैशिष्ट्य म्हणून विकला. हात तेच होते.

संपूर्ण तळहात टेकवून धरणारा, बोटे वाकवून धरणारा आणि केवळ बोटांच्या टोकांनी धरणारा, असे धरणाऱ्यांचे तीन प्रकार सामान्यतः मानले जातात. पहिल्याला उंच पाठीचा, लांब माऊस हवा; तिसऱ्याला लहान व हलका. नेमबाजीच्या खेळात कमी बटणे पुरतात, तर अनेक आज्ञा द्याव्या लागणाऱ्या खेळांसाठी २००९ मध्ये अंगठ्याखाली बारा बटणे असलेला माऊसही निघाला. निवडीचा प्रारंभ तळहाताच्या लांबीपासून व्हावा आणि आकडे शेवटी पाहावेत, एवढेच या तपशिलातून निघते.

हातातून सुटलेला माऊस :

जिल्ह्यातील पुढच्या पिढीने मात्र हा टप्पाच ओलांडला. २०१८ पासून ‘पबजी मोबाईल’ने खेळ अंगठ्यांखाली आणला. २ सप्टेंबर २०२० रोजी त्यावर बंदी आली आणि २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती निघाली. खेळ हातातल्या मोबाईलवरच राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ई-क्रीडेला बहुक्रीडा स्पर्धांच्या चौकटीत मान्यता दिली, आणि २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना ई-क्रीडेला वेगळे स्थान दिले. त्याच सुमारास एक उलटी गोष्ट घडली. २०१९ पासून जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी या परीक्षा संगणकावर होऊ लागल्या. अंबड, मंठा, भोकरदनकडील जो विद्यार्थी सर्व खेळ मोबाईलवर खेळला, त्याच्या हाती परीक्षेच्या दिवशी अपरिचित माऊस येतो. सॉलिटेअरच्या पिढीला फुकट मिळालेला सराव त्याला मिळालेला नसतो आणि सायबर कॅफेतील मुलांप्रमाणे यंत्र बदलून घेण्याची सोयही नसते.

आपल्या प्रयोगशाळांच्या दरपत्रकांत बहुधा ‘यूएसबी ऑप्टिकल माऊस’ एवढाच मजकूर असतो. लांबी, वजन, तारेची लांबी यांचा उल्लेख नसतो. किमान दराची निविदा मंजूर होते आणि लहान पंजाच्या विद्यार्थिनीला व उंच विद्यार्थ्याला एकच माऊस मिळतो. डावखुऱ्याचा विचार तर कोठेच नाही. प्रस्तुत लेखकाने आपल्या विभागाच्या मागणीपत्रात दोन मापांचे, दोन्ही हातांना चालणारे, १०० ग्रॅमपेक्षा हलके माऊस आणि दुपारच्या मोकळ्या तासिकेत माइनस्वीपर खेळण्याची परवानगी अशी नोंद केली होती. ‘दोन मापे कशासाठी?’ असा शेरा मारून मागणीपत्र परत आले आहे. परवानगीविषयी शेरा नाही.