ताप 39 की 102? थर्मामीटरवरच्या दोन आकड्यांची गोष्ट

'मालेगावचा पारा 42 अंशांवर', असे आपण उन्हाळ्यात पेपरात वाचतो. त्याच दिवशी इथे नामपूरला एखादी आई सांगते, "डॉक्टर, बाळाला 102 ताप आहे." पहिला आकडा सेल्सिअसचा, दुसरा फॅरनहाइटचा. एकाच उष्णतेला ही दोन मापे आली कुठून?

1724 साली फॅरनहाइट यांनी बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला 0 धरले, नुसत्या बर्फ-पाण्याला 32 आणि निरोगी माणसाच्या अंगाला 96. पुढे पाण्याचा उत्कलनबिंदू 212 वर पक्का झाला आणि अंगाचा आकडाही थोडा वर सरकला. 1742 साली स्वीडनच्या सेल्सिअस यांनी 100 भागांची मोजपट्टी केली. गंमत म्हणजे त्यांनी उकळत्या पाण्याला 0 आणि बर्फाला 100 म्हटले होते! नंतर ती उलटी करण्यात आली.

आपल्याकडे इंग्रजांबरोबर फॅरनहाइट आले. 1956 च्या कायद्यानंतर देशात मेट्रिक मापे आली, हवामानाचे आकडे सेल्सिअसमध्ये गेले. ताप मात्र फॅरनहाइटमध्येच राहिला.

आणि ते प्रसिद्ध 98.6? जर्मन डॉक्टर वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांचा ताप मोजून 1868 साली ग्रंथ लिहिला. त्यांनी सांगितलेली सरासरी होती 37 सेल्सिअस. तिचे रूपांतर केले की 98.6 येते. म्हणजे तो दशांश सूक्ष्म मोजणीतून नव्हे, गणितातून आला! 1992 च्या एका अमेरिकन अभ्यासात सरासरी 98.2 निघाली. अंगाची उष्णता पहाटे कमी, संध्याकाळी जास्त असते. म्हणून संध्याकाळी 99 दिसले की लगेच घाबरू नका.

रूपांतर सोपे आहे: सेल्सिअसला 1.8 ने गुणा आणि 32 मिळवा.

37 = 98.6
38 = 100.4 (इथून ताप धरतात)
39 = 102.2
40 = 104

डिजिटल थर्मामीटरचे माप काही वेळा चुकून बटण दाबल्याने बदलते. मग 39 दिसते आणि घरचे म्हणतात, "शंभरसुद्धा नाही, ताप नाहीच." प्रत्यक्षात तो 102 च्या वर असतो! म्हणून आकड्याशेजारचे अक्षर आधी पाहा: सी की एफ. फोनवर सांगतानाही तेच सांगा. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 सी, म्हणजे 100.4 एफ किंवा जास्त ताप असेल, तर घरी वाट पाहू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.