किराणा दुकानातली लपवलेली वही

आज बोलायचंय फलटणला किराणा दुकान चालवणाऱ्या एका बाईंबद्दल. दुकानात बसून त्यांनी जे लिहिलं, ते आज देशातल्या कितीतरी विद्यापीठांत अभ्यासतात. त्यांचं नाव बेबीताई कांबळे. पुस्तकाचं नाव ‘जिणं आमुचं’.

जन्म १९२९ चा, पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचा. लहानपण तिथंच, आजी-आजोबांजवळ, महारवाड्यात गेलं. वडील पंढरीनाथ ठेकेदारीची कामं घ्यायचे. माणूस सढळ हाताचा, मिळालं की वाटून मोकळा. पण बायकोनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं त्यांना चालायचं नाही. बेबीताईंनी हे दोन्ही लिहिलंय. बापाचं कौतुकही आहे आणि कोंडून राहिलेली आईही आहे.

पुढं फलटणला मुलींच्या शाळेत घातलं. वर्गात त्यांना वेगळं बसवायचे, विटाळ धरायचे. पण वस्तीतल्या मैत्रिणींचा घोळका बरोबर असायचा आणि या पोरी गप्प बसणाऱ्या नव्हत्या, भांडून उत्तर द्यायच्या. डॉ. आंबेडकरांचं जेजुरीला भाषण झालं होतं, पोरांना शिकवा हा त्यांचा निरोप घरोघरी पोचला होता. त्या वाऱ्यातच या मुली वाढल्या. बेबीताईंची शाळा मात्र चौथीला सुटली. तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न झालं.

नवऱ्याला धड काम नव्हतं. तेव्हा आपण काहीतरी विकू या, हे बेबीताईंनीच सुचवलं. सुरुवात झाली सुट्या द्राक्षांपासून. घडातून गळालेली द्राक्षं स्वस्तात घ्यायची आणि वस्तीत विकायची. त्यातून सुटलेल्या पैशात भाजीपाला आणला, मग तेल-मीठ, मग किराणा. बँक नाही, गट नाही, सबसिडी तर नाहीच. आपण आज प्रशिक्षणात भांडवल फिरवणं म्हणून जे शिकवतो, ते त्यांनी असं केलं. गिऱ्हाईक म्हणजे आपल्याच वस्तीतली माणसं.

पुड्या बांधायला रद्दी लागायची. मीठ बांधण्याआधी बेबीताई तो कागद वाचायच्या. कुठल्या बातमीचा अर्धा तुकडा, कुठल्या गोष्टीचा शेवट. वाचनाची गोडी लागली ती इथं. पुढं वाचनालयातून पुस्तकंही आणू लागल्या. नवरा माल आणायला बाजारात गेला की दुकानात त्या एकट्याच असायच्या. मग वही निघायची आणि लिहिणं व्हायचं. तो यायच्या आत वही कुठल्यातरी अडगळीत, धुळीत, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी जायची. नवऱ्यापासून लपवायची आणि मुलापासूनही. असं जवळजवळ वीस वर्षं चाललं. चोरून पैसे साठवणाऱ्या बाया आपल्याला ठाऊक आहेत, ही बाई चोरून पानं साठवत होती.

त्या पानांत काय होतं? राजे नव्हते, लढाया नव्हत्या. आषाढात सारवलेली घरं, गोडधोड, अंगात येणं, पोटासाठी मोळ्या घेऊन फिरणाऱ्या बाया. गावातली घरमालकीण सांगायची, लाकडात तुमचा केस, धागा राहिला नाही ना ते नीट बघ, विटाळ होईल. आणि त्याच वस्तीत घरातल्या सुनेचे हाल. आठ-नऊ वर्षांची पोर पहाटे जात्यावर बसायची, भाकरी बिघडली म्हणून सासूचा मार खायची. पळून गेलेली सून धरून आणली की तिच्या पायात लाकडाचा खोडा अडकवायचे. तो फरफटत तिनं घरातलं सगळं काम करायचं. पाय सोलून रक्त यायचं. बाहेरच्यांनी केलेला जुलूम बेबीताई सांगतात तसाच घरातलाही सांगतात. आपल्या माणसांची लाज जाईल म्हणून झाकत नाहीत. मला विचाराल तर या पुस्तकाचं खरं धाडस ते आहे.

त्या वेळी मॅक्सिन बर्नसन फलटणला राहत होत्या. मूळच्या अमेरिकेच्या, फलटणचे लोक मराठी कसं बोलतात याचा अभ्यास करायला आलेल्या आणि मग इथल्याच झालेल्या. वह्यांचा पत्ता त्यांना लागला आणि हे छापलंच पाहिजे असा त्यांनी आग्रह धरला. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकात हे लिखाण क्रमशः आलं, १९८६ मध्ये पुस्तक निघालं. म्हणजे आधी बायकांच्या मासिकानं जागा दिली, पुस्तक मागून आलं. फलटणजवळ निंबुऱ्याला बेबीताईंनी मागासवर्गीय मुलांसाठी आश्रमशाळाही काढली. २०१२ मध्ये त्या गेल्या.

आता एक गोष्ट, जी मला टोचत राहते. पुस्तकात सासू आहे, खोडा आहे, पण बेबीताईंचा स्वतःचा संसार जवळजवळ नाही. २००८ मध्ये माया पंडित यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर आलं. त्याला जोडलेल्या मुलाखतीत त्या पहिल्यांदा मोकळं बोलल्या. नवरा संशय घ्यायचा, मारायचा. पुस्तकात हे का नाही, तर त्यांचं म्हणणं साधारण असं, की बहुतेक बायांच्या नशिबी तेच होतं, माझं काही वेगळं नव्हतं. आणि आपल्या समाजाचं दुःख त्यांना स्वतःच्या दुःखापेक्षा मोठं वाटत होतं.

मला हे उत्तर कळतं, पण पूर्ण पटत नाही. आमच्या गटांच्या रजिस्टरमध्ये कर्जाचं कारण म्हणून ‘घरखर्च’ लिहिलेलं असतं. त्यातला दवाखान्याचा खर्च कुठल्या जखमेचा, ते लिहिलेलं नसतं. सगळ्यांच्याच घरात आहे, मग वेगळं काय लिहायचं, हे वाक्य मी दर महिन्याला ऐकते. दुसऱ्यांच्या सुनांचा खोडा लिहिणाऱ्या बाईला स्वतःबद्दल बोलायला जवळजवळ ऐंशी वर्षं लागली.

‘जिणं आमुचं’ छोटंसं आहे, दोन-तीन बैठकींत वाचून होईल. तालुक्याच्या वाचनालयात विचारा. गटात ज्यांना वाचता येतं त्यांनी मोठ्यानं वाचा, बाकीच्यांनी ऐका. खोड्याची पानं आली की घाई करू नका. म्हाताऱ्या बायांना आधी बोलू द्या.